५५५, आर्डुइनो, ईएसपी३२ की रास्पबेरी पाय? घरातल्या कामासाठी काय घ्यावं

"कुठला बोर्ड घेऊ?" असं कुणी विचारलं की मी आधी दोन गोष्टी विचारते. त्याला वीज कुठून मिळणार? आणि त्याला लांबच्या कुणाला काही कळवायचं आहे का? प्रोसेसरचा वेग आणि मेमरीचे आकडे सगळे वाचून आलेले असतात, पण दिवा लावणं, झाडांना पाणी घालणं, दार उघडं राहिलं हे सांगणं अशा कामांत त्या आकड्यांवर फारसं काही अडत नाही. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. टेबलावर चाललेलं सर्किट भिंतीवर गेलं की त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. लाइट जाऊन आली की ते आपलं आपण सुरू व्हायला हवं, आणि महिनोन्महिने तसंच चालायला हवं. मी चारही पर्याय याच कसोटीवर बघते.

सगळ्यात जुनं आधी. ५५५ ही आठ पायांची टायमर चिप हान्स कॅमेन्झिंड यांनी १९७१ साली सिग्नेटिक्स कंपनीसाठी आखली आणि १९७२ मध्ये ती बाजारात आली. तिच्यात प्रोग्रॅम नाही, त्यामुळे अडकून पडायलाही काही नाही. समजा जिन्यात एक बटण दाबलं की दिवा मिनिटभर लागून आपोआप बंद व्हायला हवा. मोनोस्टेबल, म्हणजे एकदा बटण दाबलं की एकच ठरावीक वेळ चालू राहणाऱ्या जोडणीत वेळ निघतो १.१ गुणिले रेझिस्टर गुणिले कपॅसिटर. ४७० किलोओम आणि १०० मायक्रोफॅरड घेतले की सुमारे ५२ सेकंद. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर छापील किमतीपेक्षा २० टक्के इकडे-तिकडे असू शकतो, म्हणजे दिवा ४० सेकंदही राहील किंवा ६० सेकंदही. जिन्यात त्यानं काही बिघडत नाही. दहा-पंधरा मिनिटांचा टायमर मात्र ५५५ वर करू नका. तितका मोठा कपॅसिटर साठवलेली वीज स्वतःच गळू देतो आणि वेळेचा भरवसा राहत नाही. दोन बारीक गोष्टी नवखे हमखास विसरतात. चौथा पाय, म्हणजे रीसेट, पुरवठ्याच्या धन टोकाला जोडायचा, आणि पाचव्या पायावरून ग्राउंडला, म्हणजे ऋण टोकाला, १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर द्यायचा. नाहीतर शेजारचा पंखा चालू केला तरी दिवा लागतो.

आर्डुइनो उनो (आर३), म्हणजे प्रोग्रॅम घालता येणारा छोटा बोर्ड, कधी घ्यायचा? कामात "जर-तर" आलं की. माती कोरडी असेल तरच पाणी, पण रात्री नको, आणि एका वेळी वीस सेकंदांपेक्षा जास्त नको. हे ५५५ वर करायला गेलात तर वायरींचं जाळं होईल. उनोवर ते वीस ओळींचं काम आहे. ३२ किलोबाइट प्रोग्रॅमसाठी आणि फक्त २ किलोबाइट रॅम, तरी अशा कामाला ते भरपूर होतं. शिकणाऱ्यासाठी उनो मला आजही सगळ्यात जास्त आवडतो, कारण तो चुका पोटात घालतो. ५ व्होल्टवर चालतो, बहुतेक सेन्सर थेट जोडता येतात, आणि सॉकेटवाली आवृत्ती घेतली तर जळलेली चिप उपसून नवी बसवता येते.

उनोचा वीज गेल्यावरचा स्वभावही चांगला आहे. वीज आली की एक-दोन सेकंदांत प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून सुरू. पण सतत चालू राहणाऱ्या वस्तूत एक खाच आहे. त्याचं मिलिसेकंद मोजणारं घड्याळ सुमारे ४९.७ दिवसांनी शून्यावर येतं. "ठरलेली वेळ आली का?" असं तपासणारा प्रोग्रॅम त्या दिवशी गोंधळतो. आत्ताच्या आकड्यातून मागचा आकडा वजा करून फरक तपासला, तर घड्याळ उलटलं तरी उत्तर बरोबर येतं. टेबलावरच्या चाचणीत ही चूक कधीच सापडत नाही, पन्नास दिवस टेबलावर कोण ठेवतं?

मातीच्या ओलाव्याचं बोलतेच आहे तर बोर्डापेक्षा सेन्सर नीट निवडा. दोन उघड्या धातूच्या काट्यांचा सेन्सर सतत चालू ठेवला की विद्युत अपघटनानं एक काटा काळा पडून झिजत जातो. माझ्या कुंडीतल्या सेन्सरचा एक काटा दोन महिन्यांत अर्धा राहिला होता आणि ओली माती "कोरडी" दिसत होती. कपॅसिटिव्ह सेन्सर घ्या, त्याचा धातू मातीला लागत नाही.

आता ईएसपी३२. वाय-फाय आणि ब्लूटूथ अंगातच, २४० मेगाहर्ट्‌झचे दोन कोर, ५२० किलोबाइट रॅम. फोनवर सूचना हवी असेल, तापमानाचा आलेख हवा असेल, तर उनोला वाय-फायची जोड देण्याच्या खटाटोपात पडू नका, सरळ हाच घ्या. पण हा उनोसारखा सोशिक नाही. पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, त्यामुळे एचसी-एसआर०४ सारख्या अंतर मोजणाऱ्या सेन्सरची ५ व्होल्टची इको पिन थेट जोडायची नसते, व्होल्टेज कमी करणारा १ आणि २ किलोओमच्या दोन रेझिस्टरचा विभाजक मध्ये घालायचा. ३४ ते ३९ या पिना फक्त इनपुटच्या. वाय-फाय चालू असताना अ‍ॅनालॉग वाचनासाठी, म्हणजे कमी-जास्त होणारं व्होल्टेज मोजण्यासाठी, ३२ ते ३९ मधल्याच पिना वापरायच्या, दुसऱ्या गटातल्या तेव्हा वाचता येत नाहीत.

आणि पिन १२. दाराचा चुंबकी स्विच मी या पिनेवर लावला होता, दार बंद असलं की पिनेवर ३.३ व्होल्ट. टेबलावर चुंबक बाजूला पडलेलं असायचं, सगळं सुरळीत. दारावर बसवलं, आठवडाभर चाललं. मग एका रात्री लाइट गेली, आली, आणि यंत्र मुकं. सकाळी मी बघायला दार उघडलं, रीसेट दाबलं, लगेच सुरू झालं. हे तीनदा झाल्यावर लक्षात आलं की सुरू होताना ही चिप पिन १२ वाचून फ्लॅश मेमरीला किती व्होल्ट द्यायचे ते ठरवते. पिन उंच, म्हणजे ३.३ व्होल्टवर, दिसली की १.८ व्होल्ट देते, आणि ३.३ व्होल्टची मेमरी त्यावर जागीच होत नाही. दार उघडं असलं की सुरू, बंद असलं की नाही! वायर पिन २७ वर नेली आणि प्रश्न मिटला.

बॅटरीवर चालवायचं असेल तर गणित मांडूनच निवडा. २५०० मिलिअँपिअर-तासांचा एक सेल धरा. वाय-फाय चालू ठेवलेला ईएसपी३२ सरासरी १०० मिलिअँपिअर घेत असेल तर जेमतेम एक दिवस. गाढ झोपेत चिप स्वतः १० मायक्रोअँपिअरच्या आसपास घेते, म्हणून लोक वर्षभराची स्वप्नं बघतात. पण बोर्डावरचा पॉवरचा लाल दिवा, रेग्युलेटर आणि यूएसबीची चिप झोपत नाहीत. तिघांनी मिळून ५ मिलिअँपिअर खाल्ले तर तीन आठवड्यांत सेल रिकामा. उनो तर काही न करता ५० च्या आसपास घेतो, बॅटरीसाठी तो नाहीच. ५५५ घ्यायची तर सीमॉस, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या, प्रकारची घ्या. जुनी ५ व्होल्टवर ३ मिलिअँपिअर घेते, सीमॉस त्याच्या कितीतरी खाली भागवते.

रास्पबेरी पाय (२०१२) हा लिनक्स चालवणारा पूर्ण संगणक आहे. कॅमेरा, घरातल्या सगळ्या सेन्सरची नोंद ठेवणारा सर्व्हर, यासाठी उत्तम. एका पंपासाठी तो घेऊ नका. सुरू व्हायला वेळ लावतो, अ‍ॅनालॉग इनपुट नाही, आणि लिहिणं चालू असताना वीज गेली तर मेमरी कार्डावरची माहिती बिघडू शकते. २०२१ साली आलेला पिको नावानं त्याच्याच घरातला असला तरी जात वेगळी. तो मायक्रोकंट्रोलर, म्हणजे उनोसारखा एकच प्रोग्रॅम चालवणारा बोर्ड आहे, क्षणात सुरू होतो, आणि पायथन येत असेल तर उनोऐवजी खुशाल घ्या.

तर फक्त वेळ मोजायची असेल तर ५५५, निर्णय घ्यायचे असतील तर उनो किंवा पिको, फोनवर कळायला हवं असेल तर ईएसपी३२. बरेच प्रकल्प पहिल्या दोनांतच बसतात, आणि तरी लोक सवयीनं सगळ्याला वाय-फाय जोडतात, याचं मला वाईट वाटतं. राउटर बदलला, पासवर्ड बदलला, की जिन्यातला दिवा बंद पडावा, असं कशाला?

घरच्या विजेवरचा पंप किंवा हीटर असेल तर रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) बोर्डावरचा "१० अँपिअर" वाचून थांबू नका. मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते आणि छोट्या रिलेचे संपर्क चिकटून बसतात, मग प्रोग्रॅम "बंद" म्हणत राहतो आणि पंप चालूच. मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठ्या प्रवाहासाठीचा दणकट रिले, घाला आणि ती जोडणी परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. बरेच रिले बोर्ड पिन खाली (शून्य व्होल्टवर) गेली की चालू होतात, म्हणून उनोवर पिन आउटपुट करण्याआधीच तिला उंच ठेवा, नाहीतर दर वेळी वीज आली की पंप क्षणभर धडकतो.

वीज जाऊन आल्यावरचे असे घोळ आधीच कळण्याचा सोपा मार्ग म्हणजे भिंतीवर लावण्याआधी प्लग काढून पुन्हा लावणं. दहा वेळा, आणि सेन्सरच्या प्रत्येक स्थितीत: माती कोरडी असताना, ओली असताना, दार उघडं असताना, बंद असताना.