भाट्ये किनाऱ्यावरचा हँडबॉल वर्ग: गोल नंतर, आधी पडायला शिका

रत्नागिरीत मुलांना हँडबॉलला घालायचं तर पर्याय थोडेच. त्यात भाट्ये किनाऱ्यावर सुरूच्या बनापाशी चालणारा हा वर्ग सगळ्यात भरवशाचा. शिकवणाऱ्या मॅडम राष्ट्रीय विजेत्या संघात पिव्होट खेळायच्या. पुढे पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून प्रशिक्षणाचा डिप्लोमा केला. पिव्होटची जागा गोलपासून सहा मीटरवरच्या रेषेलगत, बचावपटूंच्या गर्दीत, गोलकडे पाठ करून. चेंडू हातात आला की गर्रकन वळायचं आणि झेपावत, पडता पडता मारायचं. मॅडमची सगळी कारकीर्द अशी पडण्यात गेली, म्हणून शिकवणंही पडण्यापासूनच सुरू होतं. आमच्या मते वर्गाचं खरं मोल तिथेच आहे.

नव्या मुलाला सुरुवातीला गोलवर मारूच देत नाहीत. आधी गुडघ्यांवर बसून पुढे झेप, मग खांद्यावरून लोळण, मग हेच उभ्याने. पडताना कोपर ताठ ठेवून तळवा टेकला की सगळा भार मनगटावर येतो. ती सवय पहिल्यांदा मोडतात. आपल्याकडे शाळांची मैदानं बहुतेक जांभ्याची. तिथे एकदा ढोपर सोलवटलं की मूल झेप घ्यायला बिचकतं ते बिचकतंच. वाळूत ती भीती बसत नाही.

त्यानंतर जंप शॉट. उजव्या हाताच्या खेळाडूची पावलं डावं-उजवं-डावं; चौथं पडलं की चेंडू समोरच्या संघाला गेला. उडी डाव्या पायावर, उजवा गुडघा वर, कोपर खांद्याच्या वर, आणि चेंडू उडीच्या टोकाला सुटला पाहिजे, खाली येताना नव्हे. बहुतेकांचं कोपर खाली येतं, आणि दोष बऱ्याचदा चेंडूच्या मापात असतो. ३ नंबरचा चेंडू (घेर ५८ ते ६० सेंमी, वजन ४२५ ते ४७५ ग्रॅम) मोठ्या पुरुषांचा. मुलींना २ नंबर (५४ ते ५६ सेंमी, ३२५ ते ३७५ ग्रॅम), लहानांना १ नंबर (५० ते ५२ सेंमी, २९० ते ३३० ग्रॅम). बोटांत न मावणारा चेंडू मूल ताटलीसारखा तळव्यावर तोलतं, कोपर पडतं आणि पुढे खांदा धरतो. इथे चेंडू देण्याआधी प्रत्येकाची पकड बघतात. उतरताना गुडघा आत वळला तर शॉट गोलात गेला तरी परत करायला लावतात. मुलींच्या गुडघ्यातले लिगामेंट असेच जातात, त्यामुळे हा हट्ट योग्यच.

मोठा खेळाडू चांगला प्रशिक्षक होतोच असं नाही. डेन्मार्कच्या आन्या अँडरसनने १९९६ साली ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं आणि पुढे प्रशिक्षक म्हणून स्लागेल्से संघाला २००४, २००५ आणि २००७ साली युरोपातली हँडबॉल चॅम्पियन्स लीग जिंकून दिली. असं उदाहरण विरळा. स्वतःच्या अंगात मुरलेलं दुसऱ्याला सुटं करून दाखवता आलं पाहिजे. मॅडमना ते येतं.

वेळेचं मात्र नीट समजून घ्या. पुनव-अवसेला दुपारी भरती येते, त्यामुळे संध्याकाळी ओहोटीची घट्ट, रुंद पुळण मिळते आणि २७ बाय १२ मीटरचं बीच हँडबॉलचं मैदान सहज आखता येतं. अष्टमीच्या सुमारास संध्याकाळीच भरती; तेव्हा सराव शाळेच्या मैदानावर. आदल्या दिवशी निरोप येतो, तो न बघता गेलात तर फेरी फुकट.

उणीव एकच, पण मोठी: गोलरक्षक. त्याला गोलमध्ये उभं करून सगळे त्याच्यावर मारतात. वेगळा सराव नाही, कोन कसा कमी करायचा हे कुणी सांगत नाही. पहिली वीस मिनिटं फक्त गोलरक्षकांना द्यायला हवीत. दुसरं, पावसाळ्यात सराव हॉलमध्ये असतो तेव्हा चेंडू दमट हवेने आणि घामाने निसटतात. ते दर थोड्या वेळाने कोरड्या फडक्याने पुसायला हवेत, हवाही किंचित कमी हवी; इकडे अजून कुणाचं लक्ष नाही.

फी क्रिकेटच्या वर्गांपेक्षा कमी आहे. मुलाला नऊ-दहाव्या वर्षी घाला आणि पावसाळा संपल्यावर, पुळण मोकळी झाली की घाला. सोबत पाण्याची मोठी बाटली, पूर्ण बाह्यांचा टीशर्ट आणि गुडघ्याचे पॅड द्या. बूट फक्त शाळेच्या मैदानासाठी. वाळूत सगळे अनवाणी.