घडीच्या लोखंडी घोड्या : चौदा महिन्यांच्या वापरानंतर

सुतारकामात कापायचे किंवा रंधायचे लाकूड ज्या जोडीवर आडवे ठेवतात, त्या चार पायांच्या घडीच्या घोड्या घेताना बहुतेक जण खोक्यावर छापलेला वजनाचा आकडा पाहतात. पहिल्या खेपेला मीही तेच केले आणि फसलो. ती प्लास्टिकची जोडी होती आणि तिची क्षमता 450 किलो लिहिलेली होती. हा आकडा जोडीचा असतो, एका घोडीचा नव्हे, हे बारीक अक्षरांत दिलेले असते. तिच्यावर दोन माणसे उभी राहिली तरी ती मोडली नाही. परंतु सागवानी फळीवर रंधा मारायला घेतला की रंध्याच्या प्रत्येक हाताबरोबर ती डुलत असे, आणि तिसऱ्या महिन्यात एका पायाचा बिजागरीजवळचा भाग पिचला. सरळ खाली येणारे वजन आणि आडवा बसणारा धक्का या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सुतारकामात घोडीचा कस लागतो तो धक्क्यावर.

त्यामुळे दुसरी जोडी घेताना मी ती दुकानातच उघडून जमिनीवर ठेवली, वरच्या पट्टीच्या टोकावर तळहात ठेवला आणि आधी लांबीच्या, मग रुंदीच्या दिशेने जोर लावून पाहिला. चौकोनी नळीचे पाय, चांगले फाकलेले. पाय जोडणारी पट्टी खटक्याने घट्ट बसणारी. आणि सांध्यांना रिव्हेटऐवजी नट-बोल्ट. यातली शेवटची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. रिव्हेट सैल झाला की घरी काही करता येत नाही; बोल्ट मात्र पान्याने आवळता येतो, आणि चौदा महिन्यांत मी तो दोनदा आवळला आहे.

वरच्या बाजूला लाकूड बसवण्यासाठी खाच आहे. तिथे लाकडी पट्टी बसवायलाच हवी, कारण करवतीचे पाते लोखंडाला लागले तर दात जातात. लाकडात मात्र ते दोन-चार सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) खुशाल उतरू द्यावे आणि पट्टी चाळण झाली की बदलावी. अडचण एवढीच की ही खाच अमेरिकी ‘दोन बाय चार’साठी, म्हणजे नावाला दोन इंच जाड आणि चार इंच रुंद असलेल्या लाकडासाठी केलेली आहे, आणि तिकडे ते लाकूड प्रत्यक्षात दीड इंच म्हणजे 12 सूत जाडीचेच असते. आपल्या वखारीतून आणलेली दोन इंची पट्टी त्यात शिरली नाही. मला ती रंधून बारा सुतांवर आणावी लागली.

प्लायचा आठ बाय चार फुटांचा, 19 मिलिमीटरचा ताव साधारण 35 ते 40 किलोंचा भरतो. या जोडीला ते वजन काहीच नाही. मात्र नुसत्या दोन घोड्यांवर ताव टाकून मधोमध कापू नये. काप पुरा होत आला की दोन्ही तुकडे आत झुकतात, चीर मिटते, पाते आवळले जाते आणि करवतीचे यंत्र अंगावर उसळते. घोड्यांवर आधी दोन लांब वासे आडवे टाकून त्यांवर ताव ठेवला, तर दोन्ही तुकडे शेवटपर्यंत जागेवर राहतात. असे वासे टाकूनही घोड्या हलल्या नाहीत, हे या जोडीच्या बाजूने मी ठामपणे सांगेन.

उंची 25 ते 32 इंचांपर्यंत बदलता येते. रंध्यासाठी आणि यंत्रासाठी ती उत्तम आहे. परंतु हातकरवतीने कापताना फळीवर गुडघा टेकवावा लागतो, आणि त्यासाठी 25 इंचही जास्त होतात. ज्यांचे बहुतेक काम हातकरवतीचे आहे, त्यांनी वीस इंचांच्या आसपासची लाकडी घोडी स्वतःच ठोकून घ्यावी.

पायांच्या रबरी टोप्यांपैकी एक दुसऱ्याच महिन्यात निसटली. टोपीविना लोखंडी पाय गुळगुळीत फरशीवर सरकतो आणि ओरखडाही पाडतो, म्हणून मी सगळ्याच टोप्या काढून चिकटवून घेतल्या. जोडकामाच्या जागी रंग पातळ आहे आणि पहिल्याच पावसाळ्यात तिथे तांबेरा दिसू लागला. कोकणात किंवा गोव्यात वापरणाऱ्यांनी जोडी घरी आणताच त्या जागा घासून गंजरोधक रंगाचे दोन हात द्यावेत.