पहिलं वाचन मराठीतून की इंग्रजीतून?

घरी मराठी, शाळेत इंग्रजी. अशा मुलाला आधी काय वाचायला शिकवावं? मी ठामपणे मराठी म्हणेन.

इंग्रजीची 26 अक्षरं पटकन पाठ होतात, पण 'पुट' आणि 'बट'मध्ये तोच यू वेगळा उच्चारतात. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या, युरोपीय भाषांची तुलना करणाऱ्या अभ्यासात पहिलीची फिनिश मुलं (फिनिश बहुतेक लिहिली तशीच वाचतात) जवळपास अचूक वाचत होती, इंग्रजी वाचणारी खूपच मागे होती.

मराठीत सुरुवात जड जाते. बाराखडी, जोडाक्षरं, 'कि'मधली वेलांटी तर लिहायची आधी, उच्चारायची नंतर! पण एकदा जमलं की मूल अनोळखी शब्दही वाचतं, आणि शब्द घरात ऐकलेला असला तर अर्थही लगेच लागतो. शिवाय अक्षरं ओळखणारा मेंदूच्या डाव्या बाजूचा भाग दोन्ही लिप्यांसाठी राबतो. मराठीतली मेहनत पुढे इंग्रजीलाही उपयोगी पडते.