घरघंटी : दीड वर्षाच्या वापरानंतर

गिरणीच्या फेऱ्या वाचाव्यात म्हणून आम्ही दीड वर्षापूर्वी 1 अश्वशक्तीची घरघंटी 16,000 रुपयांना घेतली. तिच्यात दगड नसतो. पोलादी पाती वेगाने फिरून दाणा फोडतात आणि पीठ जाळीतून डब्यात पडते, त्यामुळे जाळी बदलली की हवे तसे बारीक किंवा रवाळ पीठ मिळते. ज्वारी आता आठवड्यापुरतीच दळली जाते, म्हणून पिठाची विरी जाऊन भाकरी थापतानाच तुटण्याची तक्रार संपली. उपवासाच्या भाजणीसाठी गिरणीवाल्याने ठरवलेल्या दिवसाची वाटही पाहावी लागत नाही.

पैशांचा हिशेब मात्र तितकासा जमत नाही. चौघांच्या घरात महिन्याला 15 किलो दळण होते. आमच्याकडच्या 10 रुपये किलो दराने त्याचे 150 रुपये होतात आणि विजेचा खर्च वजा केला, तर यंत्राची किंमत वसूल व्हायला जवळजवळ 10 वर्षे लागतील. एकत्र कुटुंबाला किंवा जवळपास गिरणीच नसलेल्यांना ही खरेदी नक्कीच परवडेल.

तीळ, शेंगदाणे, सोयाबीन यांसारख्या तेलकट जिनसांनी आणि ओलसर धान्याने जाळी बुजते. गेल्या दिवाळीत चकलीची भाजणी पुरती गार होण्याआधीच मी दळायला घातली, तेव्हा जाळी तुंबली आणि मोटर तापून बंद पडली. यात दोष यंत्राचा नव्हता. पण गिरणीवाले काका डब्यात हात घालून ‘अजून कोमट आहे, संध्याकाळी आणा’ असे सांगत, ते सांगणारे घरात कोणी नव्हते.

दळण ही पूर्वीही एकटीची गोष्ट नव्हती. जात्यावर बहुधा दोघी समोरासमोर बसत. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन या अभ्यासकांच्या पुढाकाराने जमवलेल्या जात्यावरच्या 1 लाखाहून अधिक ओव्यांत सासर, माहेर, भाऊ, विठोबा असे सारेच येते. अर्थात पहाटे उठून ओढायच्या त्या जात्याचे गोडवे गाण्याची माझी इच्छा नाही. गिरणीची रांग मात्र मला खरोखर आठवते, कारण कामाच्या मावशी आणि सासूबाईंच्या गुडघ्यांसाठीचे डॉक्टर मला त्या रांगेतच कळले होते.

रोजच्या पिठासाठी घरघंटी मी ठेवणार आहे. यंदा भाजणीचा डबा मात्र गिरणीत नेला. इतक्या दिवसांनी पाहूनही काकांनी काही विचारले नाही. झाकण उघडून हात घातला आणि म्हणाले, ‘थांबा थोडं, डाळीवर दळून देतो.’