24 अंड्यांचं उबवणी यंत्र: डोंगराकडेच्या घरातला अनुभव

पिल्लं निघतात, हे आधीच सांगते. 20 गावठी अंडी ठेवली होती, 14 फुटली. पण जाहिरातीत जे मोठ्या अक्षरात लिहिलंय त्याचा आमच्यासारख्यांना फारसा उपयोग नाही. आमचं घर मुंबईत, दिंडोशीच्या मागे डोंगराला लागून. बैठं, पत्र्याचं, मागे हातभर परडं आणि त्याच्या पलीकडे सगळं गवत. ऑक्टोबरात पाऊस गेला की जूनपर्यंत थेंब नाही, मार्चमध्ये ते गवत काडेपेटीची वाट बघत उभं असतं. अशा घरात यंत्र घेताना दोनच गोष्टी बघायच्या: लाईट गेली तर काय होतं, आणि उचलून बाहेर पडायची वेळ आली तर काय होतं.

खाली जाड थर्मोकोल, वर पारदर्शक झाकण, अंडी आपोआप फिरवणारा ट्रे. ऑनलाइन साडेपाच हजारांना पडलं. ट्रेची मोटर रात्री कर्र कर्र करते, त्याची सवय होते. पडद्यावरच्या आकड्यावर मात्र विश्वास ठेवू नका. पडद्यावर 37.8 दिसत असताना आत ठेवलेल्या तापाच्या थर्मामीटरवर 98.6 होतं, म्हणजे खरे 37. आत पंखा असलेल्या अशा यंत्रात कोंबडीच्या अंड्याला साडेसदतीस लागतात. सेटिंग वाढवून घेतलं, मग ठीक.

दुसरं म्हणजे हे यंत्र गरम करतं, गार करत नाही. एप्रिलच्या दुपारी पत्र्याखाली खोलीच चाळिशीला टेकली तर बिचारं काय करणार? थोडा वेळ गारठलं तर अंडं तग धरतं, जास्त तापलं की संपलं. म्हणून ते मोरीच्या भिंतीलगत जमिनीवर ठेवलंय, पत्र्यापासून जितकं लांब ठेवता येईल तितकं.

ओलाव्याचा काटा मात्र मला आवडला, आणि त्याचा उपयोग अंड्यांपुरताच नाही. पहिले 18 दिवस 50 ते 55 टक्के, नंतर ट्रे थांबवून 65 ते 70. मुंबईच्या हवेत सुरुवातीला पाणी जवळजवळ घालावंच लागत नाही. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्वेचा कोरडा वारा सुटतो, समुद्रावरचा वारा दुपार उलटली तरी येत नाही, त्या दिवशी काटा झरझर खाली येतो. वणवा पेटतो तोही असल्याच दिवशी. आता काटा पडला की मी आधी यंत्रात पाणी घालते आणि मग मागच्या दाराने डोंगराकडे बघून येते.

डिसेंबर 2018 मध्ये गोरेगावच्या डोंगरावर संध्याकाळी लागलेली आग रात्री उशिरापर्यंत धुमसत होती, ते इथले कोणी विसरलेले नाहीत. यंदा आग छोटी होती, वरच विझली. पण अंड्यांचा एकोणिसावा दिवस, गल्लीतली लाईट गेलेली आणि धूर खाली उतरत असलेला. सासूबाई चिपळूणच्या. म्हणाल्या, "खुडूक कोंबडीला लाईट लागते का गं? डालग्यात घालून निघालो असतो." खरं आहे. मी खिडक्या लावल्या आणि यंत्रावर गोधडी टाकली, हवेची भोकं तेवढी मोकळी ठेवून. शेवटच्या दिवसांत पिल्लाची स्वतःचीही ऊब असते. तास-दीड तासाने लाईट आली तेव्हा आत 35 च्या वर होतं. थर्मोकोलला पैकीच्या पैकी.

विसाव्या रात्री एका अंड्यावर चांदणीसारखी भेग पडली, आतून चिवचिव ऐकू यायला लागली. मुलं झाकण उघडायला टपलेली. उघडायचं नाही! आतला ओलावा गेला की पापुद्रा सुकून पिल्लाला आवळतो. निघालेलं पिल्लू पोटातल्या बलकावर दिवसभर सहज राहतं, घाई कसली?

आता तक्रार. जाहिरातीत "12 व्होल्ट बॅटरीवर चालते" असं लिहिलंय. यंत्राला खाच आहे, खोक्यात वायर नाही. फोन केला तर "मॅडम, ती वेगळी घ्यावी लागेल." वायर आणि 7 अँपिअर-तासांची बॅटरी घेतली, वर दीडेक हजार गेले. यंत्र 60 वॅटचं, म्हणजे हीटर सतत चालला तर जेमतेम सव्वा तास. तो थांबून थांबून चालतो म्हणून थोडं जास्त मिळतं. पण त्या बॅटरीसकट यंत्र एका हातात उचलता येतं. तेव्हा किंमत सात हजार धरूनच विचार करा.

सोबत "फ्री" म्हणून येणारा, निघालेल्या पिल्लांना ऊब द्यायचा बल्ब मात्र वापरू नका. नुसत्या वायरला लोंबकळतो, आणि खाली भाताचं तूस. डोंगरावरच्या आगीला भ्यायचं आणि आग घरातच लावायची का? मी साखळीने टांगलेला, जाळीचा घेतला. पहिल्या आठवड्यात 35 अंश, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी.

पाचापैकी साडेतीन स्टार. अंडी डिसेंबरातच ठेवा, म्हणजे गवत वाळेपर्यंत पिल्लं डालग्यात घालून नेण्याजोगी होतात. सासूबाईंच्या मते अर्धा स्टारही जास्तच झाला.