युद्धकाळातील व्यापारी जहाजे आणि ब्रिटिश संसद : ‘हिस्टॉरिक हॅन्सार्ड’ या संग्रहाचे परीक्षण

युद्ध सुरू असताना व्यापारी जहाजांच्या रक्षणासाठी नौदलाने किती युद्धनौका द्याव्यात, त्या कोणाच्या हुकमाने चालाव्यात आणि जहाजे बुडाली तर जाब कोणी द्यावा, या प्रश्नांवर ब्रिटिश संसदेइतका दीर्घकाळ वाद फार थोड्या विधिमंडळांनी घातला असेल. तो वाद मूळ शब्दांत वाचायचा असेल तर ‘हिस्टॉरिक हॅन्सार्ड’ हा इंटरनेटवर विनामूल्य मिळणारा संग्रह उघडावा लागतो. 1803 ते 2005 या काळातील दोन्ही सभागृहांच्या चर्चा त्यात आहेत. हा संग्रह मी केवळ या एका विषयासाठी वापरला आणि हे परीक्षणही तेवढ्यापुरतेच आहे.

संग्रहाची मांडणी तारखेवार आहे. दशक, वर्ष, महिना आणि दिवस असे उतरत गेले की त्या दिवसाच्या कामकाजाचे विषय समोर येतात, आणि मजकुरात छापील खंडांचे स्तंभ क्रमांक कायम ठेवलेले असल्यामुळे उद्धृत करताना अडचण येत नाही. शब्द टाकून शोधण्यापेक्षा तारीख धरून जाणे इथे पुष्कळ अधिक फलदायी ठरते, कारण ‘कॉन्व्हॉय’ (युद्धनौकांच्या पहाऱ्यात एकत्र जाणारा जहाजांचा ताफा) हा शब्द रस्त्यावरच्या लष्करी गाड्यांपासून कैद्यांच्या वाहतुकीपर्यंत सर्वत्र येतो, तर ज्या चर्चेत व्यापारी जहाजांचे भवितव्य ठरते तिचा मथळा बहुधा ‘नौदल अंदाजपत्रक’ एवढाच असतो. दुसरी उपयुक्त वाट व्यक्तींच्या सूचीची आहे. एखाद्या नौदलमंत्र्याचे नाव निवडले की त्याची त्या वर्षातील भाषणे क्रमाने वाचता येतात.

या सोयीचे खरे मोल 1917 साली कळते. जर्मनीने त्या वर्षी 1 फेब्रुवारीपासून अनिर्बंध पाणबुडी युद्ध, म्हणजे व्यापारी जहाजेही पूर्वसूचनेविना बुडवण्याचे धोरण, पुकारले, आणि एप्रिलमध्ये जगभरात मिळून साडेआठ लाख टनांहून अधिक जहाजे बुडाली. 21 फेब्रुवारीला नौदलाचे अंदाजपत्रक मांडणारे नौदलमंत्री सर एडवर्ड कार्सन आणि 1 नोव्हेंबरला त्याच पदावरून सभागृहाला सामोरे जाणारे सर एरिक गेडिस यांची भाषणे एकापाठोपाठ वाचली म्हणजे मधल्या सुमारे आठ महिन्यांत धोरण किती पालटले ते कोणत्याही भाष्याविना उमगते. गेडिस यांनी सभागृहाला सांगितले की सप्टेंबरमध्ये अटलांटिकवरील व्यापारी जहाजांपैकी 90 टक्के जहाजे कॉन्व्हॉयमधून गेली, आणि ही पद्धत सुरू झाल्यापासून धोक्याच्या पट्ट्यातून जाणाऱ्या अशा जहाजांमागे हानीचे प्रमाण अर्धा टक्का, म्हणजे दोनशेत एक, एवढेच राहिले. कॉन्व्हॉयवर काही गोटांतून होणाऱ्या टीकेचा उल्लेखही त्याच वाक्यात आहे. एवढा स्वच्छ हिशेब युद्ध चालू असतानाच लोकप्रतिनिधींसमोर मांडला गेला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, आणि ती मूळ पानावर वाचायला मिळणे हा या संग्रहाचा सर्वांत मोठा गुण आहे.

मात्र त्या वर्षीच्या आकड्यांना मूळ पानावर कोणतेही स्पष्टीकरण नाही, आणि ते माहीत नसेल तर वाचक सहज फसू शकतो. ब्रिटिश बंदरांत आठवड्याला सुमारे 2,500 जहाजे येतात आणि तितकीच सुटतात, असे आकडे त्या काळी प्रसिद्ध केले जात. त्यांत किनाऱ्याकिनाऱ्याने फिरणारी लहान जहाजेही पुन्हा पुन्हा मोजलेली असत. नौदलातील अधिकारी कमांडर हेंडरसन यांनी जहाजवाहतूक मंत्रालयाच्या मदतीने पडताळणी केली तेव्हा महासागर ओलांडणारी जहाजे आठवड्याला 120 ते 140 एवढीच निघाली, आणि इतक्या जहाजांना संरक्षण देणे अशक्य असल्याचा ॲडमिरल्टीचा, म्हणजे नौदल खात्याचा, मुख्य युक्तिवाद गळून पडला. बुडालेल्या टनभाराचे आकडे देण्याची पद्धत तर 1918 च्या मार्चमध्ये सुरू झाली. म्हणून 1917 च्या वसंतातील चर्चा वाचताना सभासदांच्या हातात कोणते आकडे होते आणि कोणते नव्हते, याचे टिपण शेजारी ठेवूनच बसावे, असे मी आग्रहाने सुचवेन.

याहून मोठी उणीव संग्रह तयार करणाऱ्यांच्या हातची नव्हती. 10 मे 1917 रोजी हाऊस ऑफ कॉमन्सची गुप्त बैठक भरली. नेमक्या त्याच दिवशी जिब्राल्टरहून पहिला प्रायोगिक कॉन्व्हॉय निघाला आणि एकही जहाज न गमावता इंग्लंडला पोचला. सभागृहातील त्या बैठकीचा शब्दशः वृत्तांत इथे सापडत नाही, कारण तो नोंदलाच गेला नव्हता. एका बाजूला जाहीर चर्चांचे शेकडो स्तंभ आणि दुसऱ्या बाजूला सर्वांत निकडीच्या दिवशीची ही पोकळी, या दोन्हींकडे सारख्याच गांभीर्याने पाहिले तरच त्या काळच्या संसदीय देखरेखीचे चित्र खरे उतरते.

मागच्या शतकांकडे जाताना मात्र हा संग्रह लवकर हात टेकतो. 1909 पासून सभागृहाचे स्वतःचे वृत्तलेखक आले; त्याआधीचे वृत्तांत बरेचसे वर्तमानपत्रांवरून संकलित केलेले, अनेकदा तृतीय पुरुषी आणि संक्षिप्त आहेत, त्यामुळे नेपोलियनच्या काळातील एखादे वाक्य वक्त्याच्या तोंडचे म्हणून उद्धृत करताना सावध राहावे. संग्रहाची सुरुवातच 1803 ची असल्यामुळे परदेशी जाणाऱ्या बहुतेक व्यापारी जहाजांना कॉन्व्हॉयमधून जाण्याची सक्ती करणारा आणि त्यासाठी शुल्क बसवणारा 1798 चा कायदा, तसेच 1708 चा ‘क्रूझर्स आणि कॉन्व्हॉय’ कायदा हे दोन्ही त्याच्या कक्षेबाहेर राहतात.

1708 च्या कायद्यासाठी ‘ब्रिटिश हिस्टरी ऑनलाइन’ या संकेतस्थळावरील हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या इतिवृत्ताचा अठरावा खंड वाचावा. 1707 च्या मे आणि ऑक्टोबरमध्ये फ्रेंचांनी इंग्लिश खाडीच्या परिसरात दोन मोठ्या कॉन्व्हॉयवर हल्ले केले, व्यापाऱ्यांनी संसदेकडे धाव घेतली, आणि राणी ॲनचे पती प्रिन्स जॉर्ज स्वतः लॉर्ड हाय ॲडमिरल, म्हणजे नौदलाचे सर्वोच्च प्रमुख, असतानाही त्यांच्या खात्याची चौकशी झाली. परिणामी व्यापाराच्या रक्षणासाठी 43 युद्धनौका कायद्यानेच राखून ठेवण्यात आल्या. विधिमंडळाने नौदलाच्या जहाजांची संख्या अशी बांधून देणे योग्य होते का, यावर मतभेद होऊ शकतात. केवळ तक्रार ऐकून घेऊन संसद थांबली नाही, हे मला तरी स्पृहणीय वाटते. इतिवृत्तात ठराव आणि कागदपत्रे मिळतात, भाषणे मिळत नाहीत.

मुद्रणातून संगणकात आणलेल्या मजकुरात चुका आहेत. शब्दांतल्या चुका वाचताना लक्षात येतात, आकड्यांतल्या येत नाहीत, आणि जहाजहानीची कोष्टके तर स्तंभ सरकल्यामुळे काही ठिकाणी विस्कळीत दिसतात. टनभाराचा कोणताही आकडा छापील खंडाशी ताडून पाहिल्याशिवाय वापरू नये.

एक सुधारणा मात्र सहज करता येण्यासारखी आहे. 25 जून 1941 रोजी चर्चिल यांनी अटलांटिकमधील जहाजहानीवर गुप्त बैठकीत भाषण केले आणि 1946 मध्ये ते इतर गुप्त भाषणांसह पुस्तकरूपाने प्रसिद्धही झाले. ज्या दिवसांच्या पानांवर वृत्तांत नाही, तिथे नंतर प्रकाशात आलेल्या अशा मजकुराकडे नेणारी एका ओळीची नोंद व्यवस्थापकांनी जोडायला हवी.