१८० रुपयांचं रेडियम जॅकेट: सहा महिने, एक पावसाळा आणि एक मेहुणा

आधीच सांगतो, हे कुठल्या ब्रँडचं नाहीये. पुण्यात बोहरी आळीत गमबूट, हातमोजे, पिवळी हेल्मेटं बाहेर लटकवलेली सेफ्टीच्या सामानाची दुकानं आहेत ना, तिथून घेतलेलं पोपटी रंगाचं बिनबाह्यांचं जॅकेट, रस्त्याच्या कामावरचे लोक घालतात तेच. पोटावर दोन आडव्या पट्ट्या, खांद्यावरून दोन उभ्या, पुढे चेन. दुकानदार २२० म्हणाला, मी १८० ला घेतलं, आणि सोबत रेडियमच्या पट्टीचा छोटा रोल ४० ला, म्हणजे शेवटी त्याचे २२० झालेच.

घेतलं का, तर मार्चमध्ये एका रात्री हिंजवडीतून सेकंड शिफ्ट संपवून धायरीला येत होतो, साडेअकरा झाले असतील, वारज्याच्या पुढे सर्व्हिस रोडला एका पांढऱ्या एसयूव्हीवाल्याने मला मागे टाकलं आणि लगेच माझ्या तोंडावरून डावीकडे आत घेतली, इंडिकेटर वगैरे काही नाही. मी ब्रेक दाबला, मागचं चाक वाकडंतिकडं झालं, पण नशीब पडलो नाही. तो बिचारा थांबला, काच खाली करून म्हणाला, "सॉरी हां दादा, खरंच दिसलाच नाहीत." जिभेवर चांगल्या तीन-चार शिव्या तयार होत्या. पण घरी आल्यावर पार्किंगमध्ये स्वतःकडे बघितलं तर काळं हेल्मेट, काळं जॅकेट, काळी लॅपटॉपची सॅक आणि गाडी मॅट ब्लॅक. वरून खालपर्यंत अमावस्या. त्याची चूक होतीच, त्याबद्दल वाद नाही, पण तो खोटं बोलत नव्हता.

पुढून आपण आता बऱ्यापैकी दिसतो, कारण १ एप्रिल २०१७ नंतरच्या नवीन दुचाक्यांचा हेडलाइट इंजिन चालू झालं की आपोआप लागतो. (अजूनही लोक हात हलवून "दिवा चालूय" सांगतात, मी मान डोलावतो.) मागून मात्र तो एक बोटभर लाल दिवा, त्यावर चिखल, आणि वर काळी सॅक.

तर जॅकेट. चालतं का हे बघायला मेहुण्याला कामाला लावलं. सोसायटीच्या मागच्या रस्त्याला दिवे नाहीत, तिथे बाईक बंद करून कडेला उभी केली, मी पाठ करून बसलो, तो लांबून कार घेऊन लो बीमवर हळूहळू येणार आणि दिसलो की फोनवर सांगणार. पहिल्यांदा नेहमीच्या काळ्या अवतारात. "दाजी, आहात ना नक्की तिथं?" असं दोनदा विचारलं त्यानं, मग दिसलो म्हणाला तेव्हा पावलांनी मोजलं तर ४२ पावलं. दुसऱ्यांदा जॅकेट घालून. तो कोपऱ्यावर वळला आणि वळल्या वळल्याच "दिसले, दिसले, पट्ट्या लागल्यात ट्यूबलाइटसारख्या", ते अंतर १६० पावलांच्या वर गेलं, पुढचं मोजायचा मी कंटाळा केला. साठच्या स्पीडला गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते, म्हणजे ४२ पावलांत ड्रायव्हरला किती वेळ मिळतो ते तुम्हीच बघा.

पण तिसऱ्यांदा मी रोजच्यासारखी सॅक पाठीला लावली आणि मेहुणा म्हणाला, "आता नुसते खांदे दिसतायत." इथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात. जॅकेट आत, सॅक बाहेर, म्हणजे मागून येणाऱ्याला दिसते ती सॅकच. त्यामुळे तो ४० रुपयांचा रोल खरं तर जॅकेटपेक्षा जास्त कामाचा निघाला, त्याच्या पट्ट्या कापून सॅकवर आडव्या शिवल्या (नुसत्या चिकटवल्या तर दोन आठवड्यांत सुटतात, अनुभव आहे), हेल्मेटच्या मागे एक लावली, मडगार्डवर एक. पावसाळ्यात अजून एक घोळ, रेनकोट वरून घातला की जॅकेट गायब. म्हणून मी रेनकोटच्या वरून जॅकेट घालतो. ध्यान दिसतं. असू दे.

पोपटी कापड आणि चांदीसारखी पट्टी, दोघांचं काम वेगळं आहे हे मला आधी कळलं नव्हतं. पोपटी कापड उन्हातल्या अल्ट्राव्हायोलेटवर चमकतं, म्हणून दिवसा, ढगाळ हवेत, दिवेलागणीला ते एकदम डोळ्यात भरतं, पण रात्री पिवळ्या सोडियम दिव्याखाली अगदीच मळकट दिसतं. पट्टीचं उलटं. तिच्यात काचेचे बारीक मणी असतात, ते पडलेला उजेड जिथून आला तिकडेच परत पाठवतात. म्हणजे ज्याचा हेडलाइट तुमच्यावर पडतोय त्यालाच ती पेटलेली दिसते, बाजूच्या गल्लीतून आडवा येणाऱ्याचा लाइट तुमच्यावर पडलाच नाही तर त्याच्यासाठी तुम्ही पुन्हा अमावस्याच. एवढं समजून वापरलं तर जॅकेट भारी आहे, कवचकुंडलं समजून वापरलं तर अवघड आहे.

नुसता माझा आणि मेहुण्याचा प्रयोग नको म्हणून सांगतो, न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला यावर नीट अभ्यास झालाय, २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला होता. असे चमकणारे कपडे घालणाऱ्यांना अपघातात जखमी व्हायचा धोका ३७ टक्के कमी निघाला आणि काळ्या हेल्मेटच्या तुलनेत पांढऱ्या हेल्मेटला २४ टक्के कमी. आपले रस्ते वेगळे हे मान्य, पण पांढरं हेल्मेट काळ्यापेक्षा महाग थोडीच असतं? आपल्याकडे २०२२ मध्ये रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यात जवळजवळ ७५ हजार दुचाकीवाले होते. आणि दुकानात अजून सगळ्यात जास्त खपतं ते मॅट ब्लॅकच.

आता जॅकेट जिथे काहीच करू शकत नाही ते. मेहुणा म्हणाला आता तुम्ही स्टिअरिंगवर बसा, मी बाईकवर. शनिवारी सकाळी, भर उजेडात, जॅकेट त्याच्या अंगात, मी कार घेऊन सोसायटीच्या गेटमधून बाहेर वळतोय आणि तो उजवीकडून येतोय. अख्खा मेहुणा, अख्खी बाईक आणि ते पोपटी जॅकेट, सगळं समोरच्या काचेच्या बाजूच्या खांबामागे गेलं. क्षणभर नाही, चांगले दोन-तीन सेकंद, कारण मी पण हळूहळू पुढे सरकत होतो आणि तो पण येत होता, दोघांचा वेग जुळला की बाईक त्या खांबामागेच राहते. मग एकदम समोर प्रगट. मी बारा वर्षं कार चालवतोय, रोज बाईकवर कारवाल्यांना शिव्या घालतो, आणि मीच मेहुण्याला उडवायच्या बेतात होतो. तेव्हापासून वळताना सीटवरून पुढे झुकून खांबाच्या अलीकडे-पलीकडे बघतो, शेजारी बसलेल्या बायकोला वाटतं कंबर धरली. दार उघडताना पण आता डाव्या हाताने उघडतो. लांबचा हात वापरला की अंग आपोआप वळतं आणि मागून येणारा दिसतो. माझं पाचवीतलं पोरगं मागे डावीकडे बसतं, त्याला उजव्या हाताची सवय लावली, तो आता बाबा विसरला की ओरडतो.

बरं, जॅकेटच्या तक्रारी. खालची चेन चौथ्या महिन्यात दात टाकून बसली, आता सेफ्टी पिन आहे. पन्नासच्या वर गेलं की पाठीमागे फुगतं आणि फडफडतं, नवले पुलाच्या उताराला तर पॅराशूट होतं (निदान तिथे स्पीड कमी ठेवायची आठवण राहते). धुताना बायकोने एकदा वॉशिंग मशीनला टाकलं आणि वर इस्त्री फिरवली, तर एक पट्टी भाजली, तेवढा भाग आता हेडलाइटमध्ये काळा दिसतो. साध्या पाण्यात हाताने धुवा, इस्त्री अजिबात नको.

आणि लोकं. ऑफिसच्या पार्किंगला वॉचमनने दोन दिवस स्टाफच्या गेटने पाठवलं. पेट्रोल पंपावर एकाने विचारलं कुठल्या कंपनीची डिलिव्हरी करता. सगळ्यात भारी म्हणजे मे महिन्यात एका लग्नाला कार्यालयाच्या दारात पोचतोय तर एक काका गाडीतून, "अहो, कुठं लावू?" मी जॅकेट काढायच्या बेतात होतो, पण मागे चार गाड्या होत्या, म्हणलं आता कुठे समजावत बसायचं, तिकडं झाडाखाली घ्या. मग पुढच्यालाही सांगितलं. नवऱ्या मुलीचे मामा निघाले ते काका, पंगतीत समोरच बसले.

पाच पैकी चार स्टार. एक चेनसाठी कापला. घेणार असाल तर एक साइज मोठं घ्या, जॅकेट-रेनकोटवरून बसलं पाहिजे, आणि दुकानात मोबाईलचा टॉर्च डोळ्याशेजारी धरून पट्टीवर मारून बघा, काही स्वस्तातल्यांची पट्टी नुसताच चकचकीत राखाडी प्लास्टिक असते, ती पेटत नाही.